पहिली सायकल : निवडीचा एक नीतिविचार

निवड ज्ञानपूर्वक करावी, असा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. उपदेश चांगला आहे. पण तो आचरणांत आणावयास गेलें म्हणजे एक विलक्षण अडचण उभी राहते. ज्या वस्तूचा अनुभव नाहीं तिचें ज्ञान नाहीं, आणि ती वस्तु हातीं आल्यावांचून तिचा अनुभव नाहीं. पाण्यांत पडल्याशिवाय पोहतां येत नाहीं हें जितकें खरें, तितकेंच ज्याला पोहतां येत नाहीं त्यानें खोल पाण्यांत पडूं नये हेंहि खरें. मग नवशिक्यानें करावें तरी काय? शिक्षण, व्यवसाय, विवाह ह्या आयुष्यांतल्या थोर निवडी आपण बहुधा अशाच अर्ध्या अज्ञानांत करितों. आणि त्या इतक्या थोर असतात कीं त्यांविषयीं शांत चित्तानें विचार करणें अवघड जातें. म्हणून ह्या लेखापुरती आम्ही एक लहानशी निवड विचारासाठीं घेतों. लहानपणीं सायकल शिकावयाचें राहून गेलेलें, चाळिशी-पन्नाशीला पोहोंचलेलें एखादें माणूस आपली पहिली सायकल घ्यावयास निघालें आहे. त्याच्या घरासमोरचा रस्ता कांहीं डांबरी, कांहीं सिमेंटचा, पुढें मुरमाचा असा मिश्र आहे, आणि मध्यें एक चढहि आहे. त्यानें कोणती सायकल घ्यावी, आणि ती घेतांना खरोखर कशाची निवड होत असते, एवढाच आमचा प्रश्न.

मुलाला ही अडचण पडत नाहीं, कारण तें निवड करीतच नाहीं. महाराष्ट्रांतल्या लहानमोठ्या गांवांत एके काळीं तासाच्या भाड्यानें सायकली मिळत. त्यांतली जी हाताला लागेल ती, किंवा वडिलांची काळी उंच सायकल घेऊन मुलें शिकत. आसनावर बसून पाय पोहोंचत नसत, म्हणून सांगाड्याच्या आडव्या नळीखालून एक पाय पलीकडे घालून, वांकड्या अंगानें तीं सायकल हांकीत. गुडघे फुटत आणि पुन्हां सुरुवात होई. गमावण्यासारखें त्यांच्याजवळ कातडीखेरीज कांहीं नव्हतें. प्रौढाची गोष्ट निराळी. त्याचीं हाडें लवकर सांधत नाहींत, पैसा घरच्या खर्चांतून काढावयाचा असतो, आणि सर्वांत नाजुक वस्तु म्हणजे त्याची प्रतिष्ठा, ती भर रस्त्यांत, ओळखीच्या माणसांदेखत पडावयाची असते. त्यांतहि पुष्कळ घरांत असें झालेलें आहे कीं, भावाला सायकल शिकविली गेली आणि बहिणीला ‘पडशील, लागेल’ म्हणून मागें ठेवण्यांत आलें. ती बहीण आज पन्नाशींत ह्या प्रश्नासमोर उभी असते. तिच्या दृष्टीनें ही खरेदी केवळ करमणुकीची नव्हे. राहून गेलेल्या एका हक्काची ती उशिरां होणारी वसुली आहे.

उशिरां शिकणारांची परंपरा मात्र हीन नाहीं. टॉल्स्टॉय हे १८९५ सालीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, मॉस्कोंत सायकल शिकले. त्याच वर्षाच्या आरंभीं त्यांचा सर्वांत धाकटा मुलगा वारला होता. अमेरिकेंतील मद्यपाननिषेधाच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड ह्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं शिकल्या, आणि १८९५ सालींच त्यांनीं आपल्या ह्या शिक्षणाविषयीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. आपल्या सायकलीचें नांव त्यांनीं ग्लॅडिस असें ठेविलें होतें. ज्यांना सारें जग ओळखीत होतें त्यांना नवशिके होण्याची लाज वाटली नाहीं. ज्यांना आपली गल्ली तेवढी ओळखते त्यांनीं ती कां बाळगावी?

आतां दुकानांत जाऊं. तेथें मुख्यतः चार प्रकारच्या सायकली दिसतात. पहिली शर्यतीची : वजनानें हलकी, पाठ वांकवून बसावयास लावणारी, मेंढ्याच्या शिंगांप्रमाणें खालीं वळलेल्या हँडलची, आणि २५ ते २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरांची. दुसरी डोंगरी : दोन इंच किंवा त्याहून रुंद, खोल खांचांचे टायर आणि पुढच्या चाकाच्या वर धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा. तिसरी ह्या दोहोंच्या मधली, जिला बाजारांत हायब्रिड म्हणतात : सरळ हँडल, बरेंचसें ताठ बसण्याची सोय आणि ३५ ते ४५ मिलिमीटरचे टायर. चौथी बहुधा कोंपऱ्यांत उभी असते : आपल्या वाडवडिलांची काळी सायकल, २८ इंची चाकांची, एकाच गियरची, वीस किलोच्या घरांतल्या वजनाची. शर्यतीच्या सायकलीस रुंद टायर बसवून खडीच्या रस्त्यासाठीं केलेला ग्रॅव्हल नांवाचा एक प्रकारहि अलीकडे आला आहे. पण तो बहुधा महाग असतो, आणि त्याचें खालीं वळलेलें हँडल नवशिक्याच्या हाताला प्रथम अवघडच वाटतें.

ह्या सर्व वस्तु लोखंड, ॲल्युमिनियम व रबर ह्यांच्या आहेत. परंतु गिऱ्हाइकाला त्या तशा दिसत नाहींत. त्याला प्रत्येकीवर एक अदृश्य माणूस बसलेला दिसतो. शर्यतीच्या सायकलीवर एक सडपातळ तरुण. डोंगरीवर एक निर्भय भटक्या. काळ्या सायकलीवर पूर्वीचा दूधवाला किंवा पोस्टमन. मधल्या हायब्रिडवर मात्र कोणीच विशेष बसलेला दिसत नाहीं, आणि हाच तिचा मोठा दोष ठरतो! गिऱ्हाईक सायकल निवडीत आहे असें आपण समजतों, पण तें निवडीत असतें त्या अदृश्य माणसाला. आपण कोण आहों ह्याचा विचार मागें पडतो आणि आपण कोण दिसूं ह्याचा पुढें येतो. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण उतावळ्याला लावितात. ती ह्या खरेदीलाहि लागूं पडते.

पुण्याचेंच उदाहरण घ्या. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ह्या गांवाची ख्याति होती. पुण्यापासून सुमारें ३० किलोमीटरांवर सिंहगड आहे; समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें १३०० मीटर. पुण्यांतल्या नवशिक्याच्या मनांत सायकल घेतांना बहुधा हा गड उभा असतो. आज ना उद्यां गडावर जावयाचें, तर सायकल त्या तोडीची हवी, असा त्याचा हिशेब. पण गडावर जाणें झालेंच तर तें वर्षांतून एकदां. मंडईंत जाणें आठवड्यांतून चारदां. दुरून डोंगर साजरे म्हणतात. दुकानांतून पाहिलेला डोंगर तर अधिकच साजरा असतो. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केलेले आहेत. रोज करावयाचें तें नित्य, प्रसंगानें करावयाचें तें नैमित्तिक, आणि फळाची इच्छा धरून करावयाचें तें काम्य. आम्हांस वाटतें, सायकलीच्या निवडीस ही विभागणी नेमकी उपयोगी पडते. घरापासून बाजारापर्यंतचा रस्ता हा नित्य. महिन्या-दोन महिन्यांनीं टेंकडीमागच्या मुरमाच्या वाटेनें फिरून येणें हें नैमित्तिक. आणि लोकांच्या डोळ्यांत अमुक एक दिसण्याची हौस ही काम्य. निवड नित्यावर करावी, नैमित्तिकासाठीं जागा ठेवावी, आणि काम्याला दुकानाच्या दारांतच थांबवावें.

नित्याचा रस्ता जर मिश्र असेल तर तो काय मागतो हें आतां पाहूं. तो पहिल्यानें रबर मागतो. डनलॉप ह्यांनीं १८८८ सालीं बेलफास्ट येथें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेचा टायर केला, तेव्हांपासून सायकलस्वार वस्तुतः हवेवरच बसत आला आहे. २८ मिलिमीटरच्या अरुंद टायरांत चौरस इंचास ८० पौंडांच्या आसपास दाब ठेवावा लागतो. म्हणजे तो दगडासारखा कठीण होतो, आणि खड्ड्याचा हिशेब सरळ मनगटांत व पाठींत उतरतो. दोन इंची डोंगरी टायरांत ३० पौंड पुरतात. पण त्याच्या खोल खांचा डांबरावर घरघरतात आणि पायांचें बळ फुकट खातात. ४० मिलिमीटरच्या, उथळ खांचांच्या टायरांत ४५-५० पौंड हवा असली कीं तो डांबरावर जड होत नाहीं आणि मुरमांत घसरतहि नाहीं. स्वस्त सायकलींवरच्या पुढच्या स्प्रिंगांचा मोह तर टाळावाच. त्या वजन वाढवितात, पायडल मारण्याचें बळ गिळतात, आणि त्यांचें काम थोडा रुंद टायर थोडी कमी हवा ठेवून बहुतेक ठिकाणीं करूं शकतो.

दुसरी मागणी चढाची. समजा, पुढच्या दांतेरी चक्राला ४४ दांते आहेत आणि मागच्याला १८. मग पायांच्या एका फेऱ्यांत चाकाचे जवळ जवळ अडीच फेरे होतात, आणि चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर सायकल साडेपांच मीटर पुढें जाते. सपाटीवर हें ठीक. चढावर मात्र हा गुडघ्यांवर जुलूम होतो. पुढेंहि ३२ आणि मागेंहि ३२ दांते असतील तर पायांच्या एका फेऱ्यांत चाकाचा एकच फेरा होईल. सायकल सव्वादोन मीटरच सरकेल, पण बसल्या बसल्या चढेल. गियर बदलणें हें कमजोरांचें काम, अशी एक समजूत पूर्वीं फार पसरलेली होती. टूर द फ्रान्स ह्या प्रसिद्ध शर्यतींत प्रमुख स्पर्धकांना साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणारें साधन १९३७ सालापर्यंत वापरूं दिलें जात नसे. आज त्या साधनावांचून त्या शर्यतींत कोणी उभा राहणार नाहीं. साधनाचें साहाय्य घेण्यानें पुरुषार्थ कमी होतो, हा भ्रम जर जगांतल्या सर्वांत बळकट स्वारांनीं टाकिला, तर पन्नाशींतल्या नवशिक्यानें तो उराशीं धरण्याचें कारण नाहीं.

ह्यावर एक पूर्वपक्ष येतो. मधली सायकल म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. रस्त्यावर ती शर्यतीच्या सायकलीहून मंद आणि डोंगरावर डोंगरीहून दुबळी. सर्व कांहीं थोडें थोडें करणारी वस्तु कांहींच नीट करीत नाहीं, असें जाणते लोक म्हणतात. त्यांचें म्हणणें वस्तूपुरतें खरें आहे; पण त्यांनीं तुलना वस्तूची वस्तूशीं केली, वस्तूची रस्त्याशीं केली नाहीं. रस्ताच जर पांच ठिकाणीं पांच प्रकारचा असेल, तर एकाच प्रकारांत पारंगत असलेलें यंत्र चार ठिकाणीं अडाणीच ठरणार. तडजोड आणि तारतम्य ह्या दोन शब्दांचा आपण घोटाळा करितों. जेथें वांकूं नये तेथें वांकणें ही तडजोड. कोठें वांकावें आणि कोठें वांकूं नये हें ओळखणें, हें तारतम्य. पहिली दुर्बळतेंतून येते. दुसरें विचारांतून येतें. मध्यम मार्गाला आपल्या देशांत जो मान मिळाला तो तो सोपा आहे म्हणून नव्हे. दोन्हीं टोंकांचीं आकर्षणें ओळखून नाकारावीं लागतात म्हणून मिळाला.

मग वांकूं नये तें कोठें? आमच्या मतें दोन ठिकाणीं : माप आणि ब्रेक. रंग, नांव, वजनांतले दोन किलो, गियरांची संख्या, ह्यांत कितीहि माघार घ्यावी. ह्या दोहोंत एक पाऊलहि घेऊं नये. सायकलीवर दोन्हीं बाजूंस पाय सोडून उभें राहिलें असतां शरीर आणि आडवी नळी ह्यांमध्यें दोन-तीन बोटें तरी मोकळी राहिलीं पाहिजेत. आसन पहिल्या कांहीं आठवड्यांत इतकें खालीं असावें कीं बसल्या जागीं दोन्हीं पाय जमिनीस लागावे. हात सुधारल्यावर तें हळूहळू वर करावें, म्हणजे टांच खालच्या पायडलावर ठेवली असतां पाय सरळ होईल. कायमचें खालीं ठेविलेलें आसन गुडघे दुखवितें. आरंभींच वर ठेविलेलें आसन धीर खचवितें. ब्रेकांविषयीं एवढेंच कीं, थांबविण्याचें मुख्य काम पुढचा ब्रेक करितो, कारण थांबतांना शरीराचा सारा भार पुढें येतो. मात्र तो एकदम दाबला तर स्वारच पुढें येतो. चाकाच्या कडेस दाबणारे ब्रेक पावसांत ओले होऊन मंदावतात. तबकडीचे ब्रेक पावसांत अधिक भरंवशाचे असतात. चार महिने पाऊस पडणाऱ्या प्रदेशांत ह्या एका गोष्टीसाठीं थोडे अधिक पैसे मोजले तर ते वायां गेले असें म्हणतां येणार नाहीं. वेगाची हौस दुसऱ्या सायकलीपर्यंत थांबूं शकते. थांबण्याची सोय पहिलीलाच हवी. शिवाय तीं माणसें आणि मुलें, ज्यांनीं आपल्या सायकलीची निवड केलेली नाहीं पण जीं तिच्यासमोरून रस्ता ओलांडणार आहेत, त्यांचाहि ह्या निवडींत भाग आहे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक भारदस्त आहे. वस्तु एकदांच घ्यावी आणि उत्तम घ्यावी. आज नवशिके असाल, वर्षानें निष्णात व्हाल, मग पुन्हां खर्च कशाला? मध्यमवर्गीय घरांतल्या काटकसरीला हा युक्तिवाद फार पटतो. परंतु त्यांत एक गृहीत आहे : वर्षानें आपण कोण होऊं हें आज आपल्याला ठाऊक आहे. नेमकें तेंच ठाऊक नसतें. कोणाला पुढें लांबच्या सडका आवडूं लागतात, कोणाला रानवाटा, आणि कोणाला केवळ सकाळीं दूध आणावयास जाणें पुरेसें होतें. शिवाय फार महागाची वस्तु नवशिक्याला भीत भीत वापरावी लागते. तिला ओरखडा पडेल म्हणून तो पडत नाहीं, आणि पडत नाहीं म्हणून शिकत नाहीं. दुसऱ्या टोंकाला अगदीं टाकाऊ वस्तु ब्रेकांतच दगा देते. म्हणून ठरविलेल्या रकमेंतला कांहीं भाग शिरस्त्राण, कुलूप, हवेचा पंप आणि पहिली दुरुस्ती ह्यांसाठीं राखून ठेवावा, आणि उरलेल्यांत एखादी साधी, नीट मापाची, हवी तर वापरलेलीहि सायकल घ्यावी. तिला आपण पहिली गुरु समजावें. गुरु उत्तम असावा हें खरें, पण त्याहूनहि तो आपल्या इयत्तेचा असावा.

ह्या प्रश्नाचें मूळ ज्ञानाच्या स्वरूपांतच आहे. मायकेल पोलान्यी ह्या तत्त्वज्ञांनीं १९५८ सालच्या ‘पर्सनल नॉलेज’ ह्या ग्रंथांत सायकल चालविण्याचें उदाहरण घेऊन असें दाखविलें कीं, स्वार ज्या नियमानें तोल राखतो तो नियम त्याला स्वतःला सांगतां येत नाहीं, आणि कोणी सांगितला तरी त्याच्या जोरावर कोणाला सायकल येत नाहीं. नियम असा कीं ज्या बाजूस पडूं लागाल त्याच बाजूस हँडल वळवावें. नवशिक्याचें भ्यालेलें अंग नेमकें उलट करितें. शास्त्रज्ञांनाहि सायकल सहज उलगडलेली नाहीं. फिरत्या चाकांचा भोंवऱ्यासारखा गुण आणि पुढच्या चाकाची विशिष्ट ठेवण ह्यांमुळें सायकल उभी राहते असें पुष्कळ काळ मानण्यांत येत होतें. पण २०११ सालीं डेल्फ्ट व कॉर्नेल येथील संशोधकांनीं ह्या दोन्हीं गोष्टी वगळूनहि आपोआप तोल सांभाळणारी सायकल करून दाखविली. सांगावयाचें तें हें कीं, ज्या ज्ञानावर निवड करावयाची तें पुस्तकांत किंवा दुकानदाराच्या तोंडीं नाहीं. तें स्वतःच्या पायांत यावें लागतें. दुकानदार म्हणतो, ‘चालवून पाहा’. आणि नवशिक्याला चालवितां येत नाहीं हाच तर सारा पेंच!

ह्या पेंचांतून सुटण्याची एक साधी वाट आहे. निवडीच्या आधीं उसनवारी करावी. शेजाऱ्याची, भाच्याची, कोणाचीहि लहान बांध्याची सायकल पंधरा दिवस मागून घ्यावी. तिचीं दोन्हीं पायडलें काढून ठेवावीं (डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो हें ध्यानांत असूं द्यावें), आसन खालीं करावें, आणि मोकळ्या मैदानांत पायांनीं जमीन रेटीत जावें. कार्ल फॉन ड्रेस ह्यांनीं १८१७ सालीं मानहाइम येथें जें पहिलें दोन चाकांचें वाहन चालविलें त्यालाहि पायडलें नव्हतीं; तेंहि असेंच पाय मारीत चालावयाचें. म्हणजे नवशिका पंधरा दिवसांत सायकलीचा इतिहासच पुन्हां चालून येतो. तोल आला कीं पायडलें बसवावीं, आणि मग दुकानांत जावें. तेव्हांहि ज्ञान पुरें नसतें. पण पूर्ण अज्ञानांत केलेली निवड आणि थोड्या जाणिवेनें केलेली निवड ह्यांतलें अंतर फार मोठें आहे.

शेवटीं एक प्रश्न उरतो, तो म्हणजे निवड कोणीं करावी. घरांत सायकल जाणणारें कोणी ना कोणी असतेंच. आईला सायकल घ्यावयाची म्हटलें कीं मुलगा पुढें सरसावतो, बाबांना घ्यावयाची म्हटलें कीं जांवई. प्रेमानेंच ते निवड करितात. पण ते निवडितात ती स्वतःला आवडलेली सायकल. आडवी नळी खालीं वांकलेली, चढतां-उतरतां पाय उंच उचलावा लागत नाहीं अशी सायकल नवशिक्याला, मग तो पुरुष असो कीं स्त्री, सर्वांत सोयीची. तोल गेला कीं पाय चटकन् जमिनीवर येतो. पण ती ‘बायकांची सायकल’ म्हणून पुरुष तिच्याकडे पाहत नाहींत. आणि ‘हीच तुला बरी’ असें परस्पर ठरवून दुसऱ्यांनीं दिली कीं स्त्रियांनाहि ती अपमानाची वाटूं लागते. एकच वस्तु आपण निवडली तर सोय, आणि दुसऱ्यानें गळ्यांत घातली तर मर्यादा! म्हणून जाणत्यांनीं माप पाहावें, ब्रेक तपासावे, किंमत बोलावी. पण ‘हीच’ हा शब्द शिकणाराच्या तोंडून यावा. चुकली तर त्याची निवड चुकूं द्यावी. दुसऱ्यानें अचूक निवडून दिलेल्या सायकलीवर बसणें येईल. निवडणें येणार नाहीं.

आणि आमच्या मतें सर्व विचाराचा निष्कर्ष हाच आहे. पहिली निवड शेवटची असावी अशी अपेक्षा धरल्यामुळेंच ती इतकी भयंकर वाटते. माणसें वर्षानुवर्षें उत्तम सायकलीचा शोध करीत राहतात आणि पायींच चालतात. किंवा एकदम उत्तम म्हणून घेतात, आणि ती दिवाणखान्यांत कपडे वाळत घालण्याच्या उपयोगी पडते. पहिल्या निवडीची कसोटी ती कायम टिकली कीं नाहीं ही नव्हे. दुसरी निवड करण्याची योग्यता तिनें आपल्या अंगीं आणिली कीं नाहीं, ही आहे. आज जें शरीर आपलें आहे आणि दारासमोर जो रस्ता आहे, त्या दोघांशीं प्रामाणिक राहून जी सायकल घेतली जाईल, ती बहुधा मधलीच, साधीच आणि थोडी जडच निघेल. वर्षानें ती भाचीला किंवा शेजारच्या मुलाला देऊन दुसरी घ्यावीशी वाटली, तर पहिलीचे पैसे बुडाले असें समजूं नये. कोणतें टायर, कोणतें आसन, कोणता चढ आपला, हें तोंवर आपलें आपल्याला कळलेलें असेल, आणि तें कळण्याला तिच्यावांचून दुसरा मार्ग नव्हता.